हाय-पॉवर रॉकेट: लेव्हल १ मध्ये नापास, मग पास, आता लेव्हल २

तिरफळ

लॉस एंजेलिसहून पहाटे निघालं की दोन-सव्वादोन तासांत ल्युसर्नचं कोरडं तळं लागतं. मोहावी वाळवंटातली मैलोन्‌मैल सपाट, भेगाळलेली माती. मे महिन्यात आमच्या गावच्या पाझर तलावाचा तळ उघडा पडतो, अगदी तसं दिसतं. गेल्या वर्षी तिथे मी लेव्हल १ च्या प्रमाणपत्रासाठी रॉकेट उडवलं आणि नापास झालो. पाच महिन्यांनी त्याच जागी पास झालो. मराठीत या छंदाबद्दल मला कुठे फारसं वाचायला मिळालं नव्हतं, म्हणून या धाग्यात सविस्तर लिहितोय.

आधी थोडी ओळख. अमेरिकेत मोठी रॉकेट हौसेने उडवायची तर नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री, म्हणजे नार, किंवा ट्रायपोली या दोनपैकी एका संघटनेचं प्रमाणपत्र लागतं. मोटारला, म्हणजे रॉकेटच्या इंजिनाला, अक्षर असतं आणि पुढच्या प्रत्येक अक्षराला एकूण आवेगाची (सरासरी रेटा गुणिले जळण्याचा वेळ) मर्यादा दुप्पट होते. एच म्हणजे १६० ते ३२० न्यूटन-सेकंद, आय ६४० पर्यंत. लेव्हल १ वर एच आणि आय उडवता येतात. लेव्हल २ वर जे, के, एल, म्हणजे ५,१२० पर्यंत. लेव्हल ३ वर एम, एन, ओ. अक्षरानंतरचा आकडा सरासरी रेटा सांगतो: एच१२८ म्हणजे सरासरी १२८ न्यूटन.

मोटार म्हणतात खरं, पण आत हलणारा भाग एकही नाही. अ‍ॅल्युमिनियमचं नळकांडं, त्यात अमोनियम परक्लोरेट आणि रबराच्या मिश्रणाच्या वड्या, मागे वायू बाहेर सोडणारं नॉझल, पुढे विलंबाची कांडी आणि तिच्यापुढे चिमूटभर बंदुकीची दारू. एच१२८ चं इंधन सव्वा-दीड सेकंदात जळून जातं. त्यानंतर रॉकेट नुसत्या मिळालेल्या वेगावर चढत राहतं आणि तेवढ्या वेळात कांडी सावकाश जळत असते. ती संपली की दारू पेटते, तिच्या वायूचा दाब नोज कोन, म्हणजे रॉकेटचं पुढचं टोक, ढकलून देतो आणि पॅराशूट बाहेर येतं. हे घडायला हवं रॉकेट सर्वांत उंचीवर, जवळजवळ थांबलेलं असताना. सगळी गंमत इथेच आहे.

लेव्हल १ ला लेखी परीक्षा नाही. रॉकेट स्वतः बांधायचं, उडवायचं, पॅराशूट उघडलं पाहिजे, आणि उचलून आणल्यावर ते डागडुजी न करता पुन्हा उडवण्याच्या स्थितीत असलं पाहिजे. प्रमाणपत्रधारक सदस्य ते हातात घेऊन तपासतो. किती उंच गेलं हे कुणी विचारत नाही. मला हे सुरुवातीला कळलं होतं, पण उमगलं नव्हतं. तीन महिने मी फक्त वर जाण्याचा विचार केला.

माझं रॉकेट चार इंच व्यासाचं, जाड पुठ्ठ्याच्या नळीचं. पंख प्लायवूडचे. नळीला चिरा पाडून पंख आत, थेट मोटारच्या नळीपर्यंत नेऊन चिकटवायचे असतात, नुसते बाहेरून नाहीत. मग पंख आणि नळीच्या कोनात इपॉक्सी गोंदाची गोलसर कड भरायची. ही कड मी आइस्क्रीमच्या काडीने ओढली आणि स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बोटाने गुळगुळीत केली. तीन पंख, सहा कडा, एका वेळी दोनच, कारण इपॉक्सी ओघळतं. सहा तास थांबायचं, रॉकेट फिरवायचं, पुढच्या दोन भरायच्या.

ते भारत सोडून आल्यापासूनचं माझं हाताने केलेलं पहिलं मोठं काम होतं. आई तेव्हा इथे आली होती. पॅराशूटची घडी मला जमेना. तिने ते हातात घेतलं आणि साडीच्या निऱ्या घालाव्यात तशा घड्या घातल्या, दोऱ्या वेगळ्या सरळ करून ठेवल्या. घड्यांत टाल्कम पावडर मात्र मी टाकली, कापड एकमेकांना चिकटू नये म्हणून.

उड्डाणाच्या सकाळी मोटारसकट वजन भरलं १,४५० ग्रॅम. रेटा वजनाच्या पाचपट तरी हवा, इथे जवळजवळ नऊपट होता. दोरीच्या फासात रॉकेट आडवं तोलून गुरुत्वमध्यावर पेन्सिलची खूण केली. दाबमध्य, म्हणजे हवेचा एकत्रित जोर जिथे लागतो तो बिंदू, त्याच्या मागे किमान एक व्यास, म्हणजे चार इंच तरी हवा. माझा सहा इंच मागे होता. दाबमध्य काढण्याची रीत जेम्स बॅरोमन यांनी १९६० च्या दशकात छंदवाल्यांसाठी मांडली. आज ओपनरॉकेट हे फुकट सॉफ्टवेअर ते गणित क्षणात करतं.

सुरक्षा अधिकाऱ्याच्या टेबलावर एका आजोबांनी रॉकेट घेतलं, प्रत्येक पंख धरून हलवला, नोज कोनला धरून उचललं. “डिले किती?” मी म्हणालो, आठ सेकंद. सॉफ्टवेअर सात सांगत होतं, आठ चालले असते.

उड्डाण सुंदर झालं. पाच, चार, तीन, दोन, एक, आणि पांढऱ्या धुराचा सरळ खांब. आवाज कानाआधी छातीत जाणवला. मग शांतता. रॉकेट वर जाऊन वळलं. नाक खाली करून येऊ लागलं. मी मनात मोजत होतो. एक. दोन. तीन. शेजारचे लोक बोलायचे थांबले. पाचव्या सेकंदाला बारीक ‘फट्ट’ झालं आणि पॅराशूट उघडलं.

ताशी दीडेकशे किलोमीटरच्या वेगाने खाली येताना ते उघडलं होतं. नळी, नोज कोन आणि पॅराशूट जोडणाऱ्या केव्हलारच्या (चिवट कृत्रिम धाग्याच्या) दोरीला असा हिसका बसला की तिने पुठ्ठ्याची नळी वरच्या कडेपासून वीतभर उभी चिरली. याला झिपर म्हणतात, कारण चेन उघडावी तशी नळी उघडते. पंख शाबूत, रंगावर ओरखडा नाही, पण नळी फाटलेली. आजोबांनी चिरेवरून बोट फिरवलं, मान हलवली आणि प्रमाणपत्राचं कार्ड परत दिलं.

चूक माझी होती. विलंबाची कांडी १४ सेकंदांची येते. एका छोट्या हत्याराने तिला भोक पाडून ती हवी तेवढी कमी करायची. हत्याराची दोन टोकं वेगवेगळे सेकंद काढतात. मला सहा काढायचे होते. मी उलटं टोक लावलं आणि दोनच काढले. आठऐवजी बारा.

ती नळी अजून माझ्या टेबलावर आहे. दुसरं रॉकेट बांधताना कांडीची खोली कॅलिपरने तीनदा मोजली आणि दुसऱ्या सदस्याकडून तपासून घेतली. त्या दिवशी पॅराशूट बरोबर माथ्यावर उघडलं आणि रॉकेट पावणेतीनशे पावलांवर अलगद बसलं. ते उचलायला चालत गेलो तेव्हा डोळे भरून आले होते.

जाईजुई

फार सुंदर लिहिलंय. मी पुण्यात असते, मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याने कुठल्यातरी व्हिडिओत साखर आणि खत मिसळून इंधन करताना पाहिलंय आणि आठवडाभर माझ्या मागे लागलाय. त्याचा उत्साह मोडायचा नाहीये, पण मला भीती वाटते. काय करू?

तिरफळ

जाईजुई ताई, घरी इंधन करू देऊ नका. यात मधला मार्ग नाही. बोटं आणि डोळे गेलेली मुलं हे या छंदाच्या जन्माचंच कारण आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत शाळकरी मुलं घरच्या घरी रॉकेट भरायची आणि जखमी व्हायची. नेब्रास्कातले ऑरव्हिल कार्लाइल हे चपलांचे दुकानदार, फटाक्यांचे जाणकार. त्यांनी आधीच भरलेली, एकदा वापरून टाकायची छोटी मोटार आणि हलकं रॉकेट अशी जोडी तयार केली आणि रॉकेट-अभियंते हॅरी स्टाइन यांना पाठवली. त्यातून १९५७ मध्ये नार उभी राहिली. ‘मुलाने दारूला हात लावायचा नाही, बाकी सगळं स्वतः करायचं’ हा नियम तेव्हापासूनचा. बाकी सगळं म्हणजे खरोखर खूप काही आहे, हे त्याला सांगा.

संत्राबर्फी

मी नागपूरचा. भारतात हा प्रश्न थेट कायद्याचा आहे. स्फोटकांचा कायदा १८८४ चा, नियम २००८ चे, आणि परवाने देणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आमच्याच शहरात. परवान्याशिवाय असं मिश्रण बनवणं गुन्हा आहे, हौस म्हणून केलं तरी. मुलाला हे स्पष्ट सांगा, तेरा वर्षांचा मुलगा समजून घेतो.

आणि पर्याय द्या. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, एक तृतीयांश पाणी, बुचात व्हॉल्व्ह आणि सायकलचा पंप. बाटली कोल्ड्रिंकचीच हवी, साध्या पाण्याच्या बाटलीला तो दाब सोसत नाही. मोकळं मैदान, लांब दोरीने सोडायचं, हवा भरलेल्या बाटलीवर कुणी वाकायचं नाही. पंख, गुरुत्वमध्य, पॅराशूट, सगळं यात शिकता येतं. पुढे इंजिनिअरिंगला गेला तर आयआयटी मुंबईत विद्यार्थ्यांची रॉकेट टीम आहे. मणिपालच्या मुलांची थ्रस्टएमआयटी टीम न्यू मेक्सिकोतल्या स्पेसपोर्ट अमेरिका कप या विद्यार्थ्यांच्या रॉकेट स्पर्धेपर्यंत जाऊन आली आहे.

कोकणकडा

ओहायोतून लिहितोय, लेव्हल २ होऊन बरीच वर्षं झाली. तिरफळ, तुमचं वर्णन वाचून माझं पहिलं उड्डाण आठवलं. पण एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे. लेव्हल १ ला चार इंची रॉकेट हे उत्तम, पण दोरीची व्यवस्था झिपर सोसणारी हवी होती. तुम्ही दोरी किती लांब घेतली होती? नळीच्या तिप्पट तरी लांब हवी. आणि दोरी जिथे नळीच्या कडेवर घासते तिथे कापडाची किंवा फोमची जाड गुंडाळी बसवायची. विलंब दोन-तीन सेकंद चुकला तरी नळी वाचते. मोजमाप चुकणार नाही असं धरून बांधायचं नसतं.

दुसरं, नवशिक्यांनो, वाऱ्याला कमी लेखू नका. वारा असला की तो जिकडून येतो तिकडे रॉकेट नाक वळवतं. दाबमध्य जितका जास्त मागे तितकी ही ओढ जास्त. ‘जास्त स्थिर म्हणजे जास्त चांगलं’ हा समज चुकीचा आहे. सव्वा ते दोन व्यास पुरे. रेल, म्हणजे सुरुवातीला रॉकेटला दिशा देणारी पट्टी, सोडताना वेग सेकंदाला चौदा-पंधरा मीटर तरी हवा, म्हणजे पंखांना हवेची पकड मिळते.

तिरफळ

कोकणकडा, मान्य. दोरी मी नळीच्या जेमतेम दुप्पट घेतली होती. दुसऱ्या रॉकेटला पंधरा फूट घेतली आणि टेनिस बॉल कापून दोरीवर कडेपाशी ओवला. विलंबाची चूक कबूल करताना दोरीचं लिहायचं राहिलं, बरं झालं तुम्ही आणलंत.

उंबर

दोन शंका. दिवाळीतल्या बाणाला पंख नसतात, मग तो सरळ कसा जातो? आणि एवढी मोठी रॉकेट उडवायला सरकार परवानगी कशी देतं? विमानं असतात की वर.

कोकणकडा

बाणाची लांब काडी पंखांचंच काम करते. बाण तिरका झाला की काडीवर बाजूने हवा आदळते आणि शेपूट परत ओळीत येतं. काडी मोडलेला बाण कसा गरगरतो ते सगळ्यांनी पाहिलंय.

परवानगीचं म्हणाल तर विमान वाहतूक खात्याकडून, म्हणजे एफएएकडून, क्लब त्या जागेची आणि त्या दिवसाची ठरावीक उंचीपर्यंतची सूट आधीच घेतो. आकाशात विमान दिसलं की उलटी गिनती थांबते. वारा ताशी २० मैलांच्या वर गेला की उड्डाणं बंद. रेल उभ्यापासून २० अंशांपेक्षा जास्त कलवायची नाही. बटण दाबून मोटार पेटली नाही तर ६० सेकंद कुणी जवळ जायचं नाही.

खरी लढाई दुसरीकडे झाली. स्फोटकांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय खात्याने आपलं इंधन स्फोटकांच्या यादीत टाकलं होतं. साध्या मोटारसाठी स्फोटकाचा परवाना आणि साठवणीची कोठी, असला प्रकार. नार आणि ट्रायपोलीने २००० मध्ये दावा लावला, सभासदांच्या देणग्यांवर नऊ वर्षं लढवला आणि २००९ मध्ये जिंकला. हे इंधन जळतं, पण स्फोटकासारखा स्फोट पावत नाही, एवढी साधी गोष्ट सिद्ध करायला नऊ वर्षं. आज कुणी मैदानावरच्या विक्रेत्याकडून एच मोटार घेऊन तासाभरात उडवतो, त्यामागे त्या लोकांची चिकाटी आहे. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे.

रानमोगरा

मी टेक्सासमध्ये, मुलगी पंधरा वर्षांची. तिला लेव्हल १ करता येईल का? आणि खर्च साधारण किती?

तिरफळ

रानमोगरा, नारमध्ये १४ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी ज्युनिअर लेव्हल १ आहे. मोटार आणि आग लावण्याचं काम प्रमाणपत्रधारक मोठ्या माणसाच्या हातात राहतं, बांधणी तिची. क्लबला आधी नुसती भेट द्या. लोक आपणहून येऊन बोलतात.

खर्च माझा असा झाला: किट, पॅराशूट, परत वापरता येणारं मोटारचं कवच, मोटारचा माल, गोंद, सभासदत्व, सगळं धरून ४०० डॉलरच्या आत. दुसऱ्यांदा फक्त नळी, प्लायवूड आणि मोटारचा माल. किट विमानाने नेता येतं, मोटार नाही. ती मैदानावरच घ्या, आधी विक्रेत्याला कळवून.

तिरफळ

लेव्हल २ चा वृत्तांत द्यायचा राहिला होता. मागच्या शनिवारी झाली.

लेखी परीक्षा आधी दिली. प्रश्नसंच जाहीर असतो, त्यामुळे अभ्यास करायला काहीच अडचण नाही. सुरक्षित अंतरांची कोष्टकं मात्र पाठ करावी लागतात.

या वेळी विलंबाच्या कांडीवर सगळं सोडायचं नाही असं ठरवलं होतं. रॉकेटच्या मधल्या कप्प्यात हवेचा दाब मोजणारा अल्टिमीटर बसवला. माथ्यावर दाब कमी व्हायचा थांबतो तेव्हा तो पहिली दारू पेटवतो आणि छोटं पॅराशूट बाहेर येतं. त्यावर रॉकेट वेगाने पण सावरलेलं खाली येतं. मग ७०० फुटांवर दुसरी दारू आणि मोठं पॅराशूट. त्यामुळे तीन हजार फुटांवरून उतरतानाही ते वाऱ्याने मैलभर वाहून जात नाही. कप्प्याला छोटी भोकं हवीत, नाहीतर आतला दाब बाहेरच्या दाबाबरोबर बदलणार नाही आणि अल्टिमीटर फसेल.

दोन आठवडे आधी एका सदस्याच्या शेतात जमिनीवर चाचणी केली. रॉकेट आडवं ठेवून, मोटार न लावता, फक्त दारू पेटवायची. नोज कोन उडू नये म्हणून नायलॉनचे बारीक स्क्रू लावतात, ते दारूने तुटले पाहिजेत. पहिल्या खेपेला तुटले नाहीत. मोठ्या पॅराशूटची दारू कमी पडली होती. थोडी वाढवून पुन्हा केलं, स्क्रू तुटले, नोज कोन दहा फूट लांब पडलं. हे आकाशात कळलं असतं तर रॉकेट छोट्या पॅराशूटवरच जमिनीवर आदळलं असतं.

मोटार जे३५०. रॉकेट भरून तीन किलो. रेलवर उभं केल्यावरच अल्टिमीटर चालू करायचा, आधी नाही. स्विच फिरवला आणि कान नळीच्या भोकाला लावला. वारा होता, काही ऐकू येईना. ओंजळ धरून पुन्हा कान लावला. बीप-बीप-बीप. थांबा. बीप-बीप-बीप. तीन म्हणजे दोन्ही दारूंची जोडणी ठीक. पेटवण्याची तार मोटारमध्ये सरकवली, टेप लावला आणि मागे आलो.

दोन सेकंद जाळ, मग ते ठिपका झालं आणि मग दिसेनासं. मी आकाशात शोधत होतो. बाजूच्या मुलीने आधी पाहिलं, बोट दाखवलं. छोटं केशरी पॅराशूट. ते खाली, खाली येत राहिलं, इतकं की मला वाटलं दुसरं उघडणार नाही. मग पांढरा धूर आणि मोठं पॅराशूट भरून फुललं. त्याचा आवाज थोड्या वेळाने पोचला.

अर्धा मैल चालत गेलो. रॉकेट भेगाळलेल्या मातीवर आडवं, पॅराशूट अजून वाऱ्याने थरथरत होतं. अल्टिमीटर उंची बीपमध्ये सांगत होता. गुडघ्यावर बसून मोजलं: तीन, एक, आठ, चार. ३,१८४ फूट. नळीच्या कडेवरून बोट फिरवलं. चीर नव्हती.

कोकणकडा

मनःपूर्वक अभिनंदन! जमिनीवरची चाचणी केलीत हे वाचून फार बरं वाटलं. घाईत लोक नेमकी तीच गाळतात. एकच सुचवतो: पुढच्या वेळी दोन अल्टिमीटर लावा, वेगवेगळ्या बॅटऱ्यांवर, दुसऱ्याची दारू एक सेकंद उशिरा. लेव्हल ३ चा विचार असेल तर आत्तापासून सवय लावा.

जाईजुई

अभिनंदन तिरफळ! इथलं सांगते. बाटलीचं रॉकेट केलं. पहिली तीन उड्डाणं कोलांट्या खात गेली. मुलगा रडकुंडीला आला होता. मग त्याने हा धागा वाचला, बाटली दोरीत तोलली, खूण केली, पुठ्ठ्यावर रॉकेटची आकृती कापून दाबमध्य अंदाजाने काढला. खूण मागे होती. नाकात मूठभर शाडूची माती भरली. काल संध्याकाळी सोसायटीच्या मैदानात सरळ वर गेलं, पाचव्या मजल्याच्या वर. आपटून बाटली चेपली. आता तो विचारतोय की दारूशिवाय पॅराशूट कसं उघडायचं. कुणी सांगाल का?

संत्राबर्फी

नोज कोन घट्ट बसवू नका, नुसतं अलगद टेकवून ठेवा आणि पॅराशूट त्याखाली सैल घडी करून ठेवा. माथ्यावर बाटलीचा वेग संपतो, ती कलंडते, तेव्हा टोपी आपोआप निसटते. दहापैकी सहा-सात वेळा उघडेल. प्लास्टिकच्या पिशवीचं पॅराशूट चालतं, आठ दोऱ्या, सगळ्या सारख्या लांबीच्या.

तिरफळ

आणि घड्यांत टाल्कम पावडर टाकायला सांगा त्याला.